बिरा आबांचं नाव मी लावलं

"हे मशीन करतं, आमच्या हातात काही नसतं." गेल्या वीस वर्षांत हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतही बोलेन. बऱ्याच वेळा ते खरं होतं. एकदा ते पूर्ण खोटं होतं, आणि ते मी एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर बोललो. हा लेख त्या एका वेळेबद्दल आहे.

संपादकांनी खरं तर माझ्याकडे गमतीजमती मागितल्या होत्या. पाट्या रंगवणारा माणूस वेबसाइटच्या धंद्यात कसा शिरला, गिऱ्हाइकं कसली कसली भेटली, असं काहीतरी हलकंफुलकं लिहा म्हणाले. गमती आहेत, त्याही लिहितो. पण मुद्द्याचं लिहायला लागलोय हे कळल्यावर माझ्या मुलानं लेख देऊ नका म्हणून सांगितलं. कुपवाडच्या एका कारखानदारानं फोन करून तेच जरा वेगळ्या आवाजात सांगितलं. आणि आमच्या धंद्यातल्या एका मित्रानं "सगळेच करतात हो, तुम्ही काय एकटे?" अशी समजूत घातली. तिघांचं ऐकून घेतलं. लेख तुमच्या हातात आहे.

सांगलीत मी बावीस वर्षं पाट्या रंगवल्या. किराणा, सलून, दवाखाने, ट्रकच्या मागची वाक्यं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे. मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि दोन दिवाळ्यांत माझे ब्रश वाळले. वयाच्या पंचेचाळिशीत कॉलेजच्या पोरांच्या रांगेत बसून कॉम्प्युटर शिकलो आणि लोकांच्या वेबसाइट करायला लागलो. लोक अजून मला पेंटरच म्हणतात. त्यात चूक काही नाही, कारण काम तेच आहे. माणसाची मान वळेल अशा ठिकाणी त्याला कळेल अशा शब्दांत पाटी लावायची.

फरक एवढाच की नेटवर रस्ता नसतो. रस्त्यानं जाताना तुम्हाला दुकान दिसतं. नेटवर तुम्ही आधी विचारता आणि शोधयंत्र तुमच्यापुढे दहा दुकानं मांडतं. अकरावं दुकान कुणी बघत नाही. त्या दहांत, जमलं तर पहिल्या तिनांत, आपल्या गिऱ्हाइकाला बसवायचं, हा आमचा धंदा. आणि त्यातलं बहुतेक काम साइट उघडण्याच्या आधी करायचं असतं. घर बांधून झाल्यावर जिन्याची जागा बदलता येत नाही, तसंच हे. प्रत्येक पानाचं शीर्षक काय, पत्ता काय, फोटोला नाव काय, दुकानाचा फोन आणि पत्ता सगळीकडे सारखा आहे का, नकाशावरची खूण खऱ्या दारावर आहे की मागच्या उकिरड्यावर, हे सगळं आधी. एकदा शोधयंत्रानं येऊन पान वाचून नेलं की त्याच्या डोक्यात जे बसतं ते काढायला महिने जातात.

बांधकाम चालू असताना साइटवर एक सूचना लावून ठेवतात. ती माणसांना दिसत नाही, फक्त शोधयंत्राला दिसते: अजून बघू नका. उघडताना ती काढायची. मिरजेच्या एका भांडीवाल्यांनी साइटसाठी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला, कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. त्या गडबडीत ती सूचना काढायची मी विसरलो. महिन्याभरानं ते आले आणि शांतपणे म्हणाले, "पेंटर, माझ्या मेव्हण्याची साइट अमावास्येला उघडली. ती दिसतीया. माझी मुहूर्तावर उघडली, ती दिसंना. गुरुजी बदलू का पेंटर बदलू?"

शीर्षकाची तर वेगळीच तऱ्हा. शोधयंत्राच्या यादीत पानाचं शीर्षक दिसतं, पण सगळं दिसत नाही. काना, मात्रा, मोकळी जागा सगळं एकेक अक्षर धरून पन्नास-साठ अक्षरांनंतर ते तुटतं आणि पुढे तीन टिंबं येतात. मोबाइलवर त्याहून लवकर. औंधला एका गृहस्थांनी सहा खोल्यांचं लॉज काढलं. शीर्षकाची सुरुवात '॥ श्री यमाई देवी प्रसन्न ॥' अशीच व्हायला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. लग्नपत्रिकेला वर देवीचं नाव लागतं, मग साइटला का नाही? पुढे त्यांच्या वडिलांचं नाव, मग त्यांचं, मग 'यांचे'. लॉज हा शब्द येईपर्यंत जागा संपली. झालं असं की यमाईचं दर्शन कधी, अभिषेक कधी, असं विचारणारी सगळी माणसं त्यांच्या पानावर यायला लागली आणि फोन लॉजवर. मी शीर्षक बदलून देतो म्हणालो, तर म्हणाले, "आता नगं. सकाळपासनं बारा जणांना आरतीची येळ सांगितली. देवीनंच दिलेलं काम दिसतंय." अजून सांगतात. खोल्याही भरतात.

त्या लॉजवाल्यांकडून मी एक गोष्ट शिकलो. शीर्षक कुठे तुटतं हे ज्याला ठाऊक आहे, तो न लिहिताही बरंच काही लिहू शकतो.

शब्द गोळा करणं हे या कामातलं मला सगळ्यात आवडणारं काम. दुकानदार ज्या नावानं माल विकतो त्या नावानं गिऱ्हाईक तो शोधत नाही. मी वही घेऊन बसस्टँडवर, बेदाण्याच्या बाजारात, दवाखान्याच्या बाकावर बसायचो आणि लोक कशाला काय म्हणतात ते लिहून घ्यायचो. आमच्याकडचा माणूस आमी-तुमी म्हणतो. तोंडानं 'ह' गाळणारा माणूस इंग्रजी अक्षरांत टाइप करताना बोटानंही 'ह' गाळतो. पुण्यामुंबईची शिकलेली पोरं हे विसरायची. ती 'घोंगडी' एका स्पेलिंगनं लिहून मोकळी व्हायची. माझ्या वहीत त्याची अकरा स्पेलिंगं होती आणि त्यातल्या सात ठिकाणी 'घ'चा 'ग' झालेला होता. हे मशीननं मला सांगितलं नाही, माझ्या कानांनी सांगितलं. याचा मला अभिमान होता, आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यानं तो कमी होत नाही. उलट त्यामुळेच गुन्हा मोठा होतो. ज्याला काम येत नाही त्याच्या हातून असली चूक होतच नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी कुपवाडच्या एका ब्लँकेटच्या कारखानदारांनी मला बोलावलं. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना भिऊन नाही. हा कबुलीजबाब माझा आहे, त्यात मला भागीदार नको. जुन्या कपड्यांच्या सुतापासून ते यंत्रमागावर ब्लँकेट काढायचे. माल वाईट नव्हता. गरीब माणसाला थंडीत उपयोगाचा होता. पण त्या काळात मुंबई-पुण्याकडे एकदम घोंगडीची हौस आली होती. त्यांना काळी ब्लँकेट काढून त्या लाटेवर बसायचं होतं, आणि त्यासाठी नवी साइट.

ते म्हणाले, "पेंटर, फ्लेक्सनं तुला खाल्लं. हे तरी जमतंय का बघू. घोंगडी म्हटलं की पहिलं आपण दिसाय पायजे. न्हाईतर पुण्याची एक कंपनी बसलीच हाय दारात."

हे वाक्य मला लागलं. पुढचं सगळं मी त्या वाक्याला उत्तर म्हणून केलं. पोटासाठी केलं असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. घरी खायला होतं.

साइट उघडायला महिना होता. मी वही काढली, अकरा स्पेलिंगं मांडली आणि एकेक टाइप करून बघायला लागलो. तुम्ही दोन-चार अक्षरं टाइप केली की खाली आपोआप ओळी सुटतात. त्या ओळी म्हणजे दुसऱ्या लोकांनी विचारलेले प्रश्न असतात. घोंगडीच्या खाली 'घोंगडीचे फायदे', 'घोंगडी कशी धुवावी' अशा ओळी आल्या आणि त्यांच्यात एक ओळ आली: 'बिरा आबा घोंगडी'.

मला हे नाव माहीत नव्हतं. चौकशी केली. माण तालुक्यात दहिवडीच्या पुढे एका गावात बिरा आबा नावाचे विणकर होते. स्वतःची मेंढरं, स्वतः कातरलेली लोकर, घरच्या बायांनी कातलेलं सूत आणि खड्ड्यातला माग. चिंचोक्याची खळ देऊन विणलेली त्यांची घोंगडी नवी असताना पुठ्ठ्यासारखी उभी राहायची आणि अंगाला टोचायची. टोचणं हीच तिची खूण. माणमधली निम्मी तरणी माणसं मुंबईला कामाला. ती घर आठवलं की आबांची घोंगडी शोधायची, ओळखीच्यांना सांगायची, ओळखीचे नेटवर शोधायचे. पण नेटवर आबा कुठेच नव्हते. ना साइट, ना फोन. नाव विचारणारे लोक होते आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. आमच्या धंद्यात याला मोकळी जागा म्हणतात. पाटी लावायला उघडी भिंत.

मी ती भिंत घेतली.

कागदावर चौकोन आखले आणि एकेक चौकोनात एकेक अक्षर बसवलं, पाटीची अक्षरं बसवायचो तसं. शीर्षक असं केलं: 'बिरा आबांची अस्सल माणदेशी घोंगडी आता घरपोच मिळवा – या परंपरेतून प्रेरणा घेतलेली आमची उबदार ब्लँकेट'. संपूर्ण वाचलं तर यात खोटं काही नाही. वकील लावला तरी सापडणार नाही. पण ते संपूर्ण कुणालाच दिसणार नव्हतं. 'घरपोच मिळवा' इथे, मोबाइलवर 'घोंगडी' इथेच ते तुटायचं आणि पुढे तीन टिंबं यायची.

पुढे कुणी विचारलं की मी सांगायचो, शीर्षक मशीन तोडतं. तोडतं मशीनच. पण कुठे तोडेल ते मी मोजलं होतं. दोनदा मोजलं होतं, एकदा कॉम्प्युटरसाठी आणि एकदा मोबाइलसाठी. हे मी आज पहिल्यांदा छापील अक्षरांत सांगतोय.

साइट उघडली. तीन आठवड्यांत पुण्याच्या कंपनीच्या वर. कारखानदारांनी पेढे पाठवले आणि निरोप दिला, "पेंटर, मानलं."

मुंबईतल्या माणसांनी आबांचं नाव बघून मागवलं आणि त्यांच्या घरी मऊ, हलकी, यंत्रावरची काळी ब्लँकेट पोचली. माणच्या माणसाला घोंगडी हातात घेतल्याबरोबर कळते. टोचली नाही म्हणजे खोटी. ती माणसं यात्रेला गावी आली आणि त्यांनी आबांना पारावर गाठलं. आबा, तुमीबी मिलचा माल इकाय लागला व्हय? कितीला नाव इकलं? आबांना काही उमगेना. नेट म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पावसाळा संपता संपता एके दिवशी दुपारी ते माझ्या ऑफिसात आले. दहिवडीहून विट्यामार्गे दोन बस बदलून. सत्तरीचे असतील, बारीक अंगाचे, खांद्यावर स्वतःचं घोंगडं. कुणीतरी मोबाइलवर साइट दाखवली होती आणि खाली माझ्या ऑफिसचं नाव होतं. दारात चप्पल काढून आत आले.

"पेंटर तुमीच का?"

"हो. बसा आबा." नाव न विचारता मी आबा म्हणालो. कोण आहेत ते मला दारातच कळलं होतं.

"माजं नाव त्या मोबाइलात हाय म्हणं. आन् त्येच्याखाली मिलचं कांबळं. ह्ये कसं झालं?"

माझ्यापुढे कॉम्प्युटर चालू होता. ते पान उघडून शीर्षक बदलायला पाच मिनिटंही लागली नसती. माझी दोन माणसं मागं बसून ऐकत होती. मी म्हणालो, "आबा, हे मशीन करतं. आमच्या हातात काही नसतं."

त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. मग म्हणाले, "मशीन हाय व्हय. मग त्येला काय कळणार बिचाऱ्याला." उठले, चप्पल घातली आणि दारातून वळून म्हणाले, "तरी जमलं तर सांगून बगा त्येला. लोकं लय बोलत्यात."

चहाही घेतला नाही. घेतला असता तर मला आणखी दहा मिनिटं त्यांच्या समोर बसावं लागलं असतं, म्हणून मी आग्रहही केला नाही.

ते पान दीड वर्ष तसंच राहिलं. कारखानदारांचा माल बदलला तेव्हा गेलं. मी एकदाही हात लावला नाही. आबांनी पुढच्या वर्षी माग बंद केला आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते गेले, हे मला नंतर कळलं. बैलांच्या कुठल्याशा बाजारात एकजण बोलता बोलता म्हणाला, "माणूस चांगला होता, पण शेवटी नाव इकलं त्यानं." मी ऐकलं आणि बैलाच्या किमतीवर बोलायला लागलो.

आता ऑफिस माझा मुलगा अमोल बघतो. मी सकाळी दोन तास जाऊन बसतो. गेल्या उन्हाळ्यात शालनबाई नावाच्या एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, हाताची बोटं लोकरीनं घासलेली. नवरा मुंबईला गोदीत. गावात चार बायका घेऊन त्यांनी वडिलांचा बंद पडलेला माग पुन्हा सुरू केला होता आणि त्यांना साइट पाहिजे होती. अमोलनं विचारलं, साइट उघडल्यावर काय व्हावं असं वाटतं? हा आमचा नेहमीचा पहिला प्रश्न.

"माज्या बापाचं नाव टाकलं की माजं घोंगडं दिसाय पायजे," त्या म्हणाल्या. "बिरा आबा नाव त्येंचं. अजून मान्सं इचारत्यात, ह्ये खरं का मिलचं? त्येवढं थांबाय पायजे."

अमोलला यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हणालो, हे काम मी करतो.

शालनबाईंबरोबर मी जे काम केलं तसं आयुष्यात केलं नव्हतं. त्यांच्या अंगणात बसून त्यांच्या बायकांच्या तोंडचे शब्द गोळा केले. लोकरीच्या रंगांची त्यांची नावं, काठांची नावं. पानांची शीर्षकं लहान ठेवली, एकही तुटणार नाही अशी. फोटोंना नावं दिली. नकाशावरची खूण मागाच्या दारावर लावली. टोचणाऱ्या घोंगडीचं वेगळं पान केलं: का टोचते, किती दिवसांनी मऊ होते, टोचत नसेल तर काय समजावं. आणि ती शोधयंत्रासाठीची सूचना स्वतःच्या हातानं लावली, काढायची तारीख वहीत लिहून.

सगळं तयार झालं. उघडायचंच राहिलं होतं, आणि मला उघडता येईना. तिसऱ्या फेरीला मी त्यांच्या मागाशेजारी बसून सगळं सांगितलं. चौकोन, अक्षरं, तीन टिंबं, मशीन करतं म्हणालो ते. शालनबाई सूत उलगडत होत्या. हात थांबला नाही.

"मला वाटलंच हुतं कुनीतरी मानूसच आसंल," त्या म्हणाल्या. "मशीनला माज्या बापाचं नाव कसं ठावं?"

सुताचा गुंता काढत म्हणाल्या, "आबा मरस्तवर म्हनत हुतं, मशीन हाय, त्येला काय कळतंय. पोराबाळांना सांगायचं, त्या पेंटरला काय बोलू नका, भला मानूस हाय, आबा म्हनून हाक मारली त्येनं."

मी म्हणालो, साइटवर पहिल्याच पानावर मी लिहितो. माझ्या नावासकट. आबांनी नाव विकलं नाही, मी चोरलं.

"न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "आमच्या दारात तुमचं रडगानं कशाला? गिऱ्हाइकानं घोंगडं बगावं का तुमचं पाप? तुमाला दार हाय की. तितं लावा."

त्यांचं बरोबर होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंतींवर लिहीत आलो. स्वतःची गोष्ट लिहायलाही मी दुसऱ्याचीच भिंत मागत होतो.

अमोलनं सगळं ऐकून घेतलं, हे मी आपल्या फर्मच्या साइटवर लावणार आहे तेही. मग म्हणाला, "बाबा, आपल्या साइटवर लोक कशासाठी येतात? विश्वासानं काम द्यायला. तिथे पहिलीच ओळ 'आम्ही फसवलं' अशी?"

"आम्ही नाही. मी."

"शोधणाऱ्याला फरक कळणार नाही. आपल्या फर्मचं नाव टाकलं की हेच वर येणार. तुम्हीच शिकवलंय मला."

"म्हणूनच तिथं लावायचं."

"आणि पोरांचे पगार?"

फर्मच्या कागदांवर माझं नाव अजून पहिलं आहे, तेवढ्या अधिकारात मी ते केलं. अमोल आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. तोही बरोबर होता. बरोबर असलेल्या माणसाला दुखवून करावी लागलेली ही माझ्या आयुष्यातली एकमेव गोष्ट, आणि मी ती पुन्हा करेन.

ते पान मी माझ्या उभ्या कारकिर्दीतल्या कुठल्याही गिऱ्हाइकाच्या पानापेक्षा जास्त मन लावून केलं. 'बिरा आबांनी नाव विकलं नाही' हे शीर्षक. खाली झालेली गोष्ट, जुन्या पानाचं शीर्षक अख्खं आणि कुठे तुटायचं त्याची खूण. आमच्या फर्मच्या नावानं शोधा, माझ्या नावानं शोधा, आबांच्या नावापुढे फसवणूक असं टाइप करा, अकराच्या अकरा स्पेलिंगं घालून शोधा, सापडेल. शालनबाईंची साइट उघडली त्याच दिवशी हेही उघडलं. सूचना काढायला विसरलो नाही. आबांचं नाव टाकलं की आता पहिल्यांदा त्यांच्या लेकीचा माग दिसतो.

कारखानदारांचा फोन आला. "पेंटर, म्हातारपणी काय सुचलं तुला? लोक मला ओळखतील."

"तुमचं नाव कुठं लिहिलंय?"

"न लिहिता बी कळतंय."

"न लिहिता कळवायचं काम मी तुमच्यासाठीच केलं होतं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

धंद्यातल्या मित्रानं सगळेच करतात म्हटलं होतं, त्याला इथेच उत्तर देतो. सगळे करत नाहीत. माझ्या ओळखीत निदान पाच जण आहेत ज्यांनी असलं काम परत पाठवलं आणि लहानच राहिले. सगळेच करतात हे वाक्य त्या पाच जणांना पुसून टाकण्यासाठी असतं. आणि मशीन करतं हे वाक्य आपल्याला पुसून टाकण्यासाठी असतं. नव्या पोरांना मी एवढंच सांगतो: शीर्षक तुटू दे, पण तुटलेल्या जागी खोटं उरणार असेल तर तो हात तुझा आहे, यंत्राचा नाही.

मला वाटलं होतं, काम झालं. पंधरा दिवसांनी शालनबाईंचा फोन आला.

"नेटवर लिवलं ते बरं झालं. मुंबईच्या मान्सांनी वाचलं. पन हितल्या म्हाताऱ्यांनी कुटं नेटवर वाचून आबाला बोल लावलं हुतं? त्येंनी कानानं ऐकलं हुतं. त्येंच्या कानावर घाला."

रविवारी सकाळी मी गेलो. बिरोबाच्या देवळापुढे पारावर बारा-पंधरा माणसं बसली होती, सगळी माझ्या वयाची नाहीतर माझ्याहून थोरली. शालनबाई देवळाच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी उभा राहून सगळं सांगितलं. तीन टिंबांचं त्यांना समजेना, तेव्हा काठीनं मातीत पाटी काढली, अक्षरं लिहिली आणि कुठे तुटायचं तिथं रेघ मारली. मग सगळ्यांना समजलं.

पुढे बसलेले आबांचे चुलतभाऊ, तात्या, वाकून त्या रेघेकडे बघत होते. म्हणाले, "आबा तुमच्याकडं आला तवा का न्हाई सांगितलं?"

"भ्यालो."

"कुनाला?"

"मागं बसलेल्या दोन माणसांना."

तात्यांनी मान हलवली. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि त्या घ्यायची माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला त्या हव्याच होत्या. मी आणखी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"तुमचं झालं न्हवं? मग आता खाली बसा," ते म्हणाले. "तुमी तर परकं मानूस. तुमी नाव लावलं आन् आमी इश्वास ठिवला. साठ वर्सं ज्येच्यासंगं मेंढरं राखली त्येला एकदा घरी जाऊन इचारलं न्हाई आमी. ह्याच पारावर त्येच्याकडं पाठ करून बसलो. तुमचं तुमी बोलला. आता आमचं आमाला बोलू द्या."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि शालनबाईंकडे वळले. मी खाली बसलो.